मोडलेला काटा: बिब्ब्याचा चटका की सुई-चिमटा?

पेरणीआधी बांधावरची बोर-बाभूळ तोडून कुपाटी घालायचं काम निघालं की हातात नाहीतर तळव्यात काटा मोडतोच. वर दिसणारा काटा कुणीही ओढून काढतं. अडचण असते ती आत राहिलेल्या टोकाची. आपल्याकडे त्यावर दोन वाटा आहेत. बिब्ब्याचं गरम तेल टेकवून चटका द्यायचा आणि काटा वर येण्याची वाट बघायची, किंवा त्याच संध्याकाळी सुईनं कातडं उकलून चिमट्यानं टोक काढायचं. गरम गूळ, रुईचा चीक, हळद-कणकेचं पोटीस हे सगळे पहिल्याच वाटेवरचे.

बिब्ब्याला नावं ठेवायला मन होत नाही. चटका बसल्यावर ठणका थोडा वेळ विसरायला होतो. टोक अगदी वरवर असेल तर फोड येऊन कातडं सुटताना त्याच्याबरोबर ते निघूनही जातं. शिवाय टाचेच्या जाड कातड्यात काटा दिसतच नाही, तिथं सुईवाल्याचाही हात थबकतो. ज्यांना बिब्बा मानवतो, ते त्याच्यावर विश्वास ठेवतात यात नवल नाही.

मला खटकतो तो त्याचा काळा डाग. बिब्ब्याचं तेल जिथं लागतं तिथलं कातडं जळून काळं पडतं आणि काटा शिरल्याचं इवलंसं तोंड त्या डागाखाली झाकून जातं. काटा सरळ खाली क्वचितच जातो. बोटाच्या पेराशी शिरलेल्या काट्याचं टोक पाऊण सेंटिमीटर बाजूला असू शकतं, म्हणजे चटका एकीकडे आणि सल दुसरीकडे. त्यातून बिब्बा उतला तर दुसऱ्या दिवशी लाली, सूज, खाज आणि पाणी धरलेले फोड. आता ही सूज काट्यानं पू धरल्याची की बिब्ब्याची, हे घरच्यांना कळत नाही आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनाही लगेच सांगता येत नाही. काट्याच्या जखमेत पहिले दोन दिवस लाली कुठवर सरकते आहे हेच बघायचं असतं, आणि नेमकं तेच बिब्बा दिसू देत नाही. माझ्यापुरता निर्णय इथंच झाला.

पोटिसाचं वेगळं दुखणं आहे. काटा म्हणजे शेवटी लाकूड. रात्रभर ओलाव्यात राहिला की फुगतो, मऊ पडतो आणि काढताना अख्खा न येता तुकडे होतात. म्हणून शेक काटा निघाल्यानंतर द्यावा, आधी नाही. रुईच्या चिकाचा हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. त्या वाटेला जाऊच नये.

सुईचं काम उजेडाचं आहे. जागा साबणानं वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटं धुवा. मोबाइलची बॅटरी वरून न धरता बाजूनं तिरपी धरा, म्हणजे काट्यानं उचललेल्या कातड्याची सावली पडते. काडीपेटीच्या काडीचं बोथट टोक हलकेच दाबत जा. जिथं जीव कळवळतो तिथं सल आहे. सुई आणि चिमटा स्पिरिटनं पुसा. ज्योतीवर धरलीत तर काजळी पुसल्याशिवाय वापरू नका. सुई काट्याच्या वाटेनं, कातड्याला जवळपास समांतर घाला आणि वरचं कातडं उचलून उसवा. खाली खुपसायचं नाही. टोक उघडं पडलं की चिमट्यानं अगदी बुडाशी धरा आणि ज्या कोनात शिरला त्याच कोनात ओढा. दाबून पिळलं की टोक मोडतं किंवा आणखी आत सरकतं. काट्यानं काटा काढायची म्हण खरी करायला जाऊ नका. त्या दुसऱ्या काट्यावरही माती असते, आणि तोही मोडतो.

काटा कोणता हे पाहून हात चालवावा. बाभळीचा पांढरा काटा सरळ, तो बहुधा अख्खा येतो. बोरीला जोडकाटे, एक सरळ आणि एक आकड्यासारखा. आकड्याला सरळ हिसका दिला की टोक आत राहिलंच, म्हणून वळणानं काढावा. नागफणीची बारीक कुसं चिमट्यात येत नाहीत. त्यांच्यावर फेव्हिकॉलचा थर वाळवून सोलून काढावा. वेडी बाभूळ सगळ्यांत वाईट. टोक खोल जातं आणि ठणका दिवसेंदिवस राहतो.

काटा निघाल्यावर पुन्हा धुऊन बेटाडिन लावा. कोमट मिठाच्या पाण्याचा शेक दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. एका दिवसात दुखणं उतरायला लागतं. आठवड्यानंतरही दाबलं की टोचत असेल तर तुकडा आत आहे असंच धरा. तळव्यात तोच पुढं कुरूप होऊन बसतो.

धनुर्वाताचे जंतू माती-शेणातलेच, त्यामुळे ही जखम किती लहान आहे हे बघू नये. आधीचे डोस पूर्ण असतील आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं झाली नसतील तर पुन्हा लागत नाही. पाच वर्षं उलटली असतील किंवा आठवतच नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्यावं.

सुईलाही मर्यादा आहे. पंधरा मिनिटांत टोक दिसलं नाही तर उकरणं थांबवा. काटा सांध्यात, नखाखाली किंवा डोळ्याजवळ असेल, किंवा मधुमेह असेल तर घरी हात लावूच नये. मधुमेह्याच्या तळव्याला तर बिब्बाही नको आणि ब्लेडही नको. बोट सबंध सुजून वाकडं राहिलं आणि सरळ करताना कळ आली, लाल रेघ वर चढली, किंवा काखेत-जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

तिथं गेल्यावर 'काटा मोडलाय' हे आधी सांगा. लाकडाचा तुकडा एक्स-रेत सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. गोळ्यांनी सूज उतरली आणि कोर्स संपताच पुन्हा आली, तर गोळ्या बदलून मागू नका, सोनोग्राफीबद्दल विचारा.