सात महिने, एक कागद आणि भिंतीवरचं घड्याळ: स्विमिंग पूलमधल्या सरावाचा कंटाळा कशाने गेला, कशाने नाही

आठवड्यातून चार दिवस, २५ मीटरचा पूल, दर खेपेला १६०० ते २००० मीटर. सात महिने या हिशेबाने वापरलेल्या गोष्टी अशा: प्लास्टिकच्या पिशवीतला सेटचा (त्या दिवशी पोहायच्या तुकड्यांच्या यादीचा) कागद, पूलच्या भिंतीवरचं पेस क्लॉक (सेकंदकाटा सतत फिरणारं मोठं घड्याळ), कॅपखाली बसणारा टेम्पो बीपर (ठरावीक वेळाने बीप करणारं छोटं यंत्र), फेऱ्या मोजणारं मनगटी घड्याळ, पुल बॉय (मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा) आणि पॅडल्स (तळहातांवर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या). यांतल्या फुकटच्या दोन शेवटपर्यंत टिकल्या.

आधी कागद. पाण्यात कंटाळा येतो तो भिंतीपाशी. प्रत्येक टर्नला डोकं विचारतं, ‘अजून किती? आता थांबलं तर?’ सलग ४० फेऱ्या (२५ मीटरची एक) ठरवून उतरलं की सतराव्या-एकोणिसाव्या फेरीला मोजणी चुकते, आणि मोजणी चुकली की मन आपल्या सोयीचा आकडा धरतं. सेट आधीच लिहिलेला असेल तर भिंतीपाशी ठरवायला काही उरत नाही. पेन्सिलने लिहावं, कारण जेलपेनची शाई ओलीने पसरते. कागद झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून ओल्या किकबोर्डवर (पायांच्या सरावाला हातात धरायच्या फळीवर) थापला की चिकटून बसतो आणि काठावर उभा करता येतो. मोठ्या अक्षरांत फार तर सहा ओळी. गॉगलमधून त्याहून बारीक वाचता येत नाही.

मजकूर कसा असावा? १००० मीटर सलग लिहिण्याऐवजी ८×५० (म्हणजे ५० मीटर आठ वेळा), ४×१००, ४×५०. अंतर तेच, पण डोक्याला एका वेळी एकच छोटं काम मिळतं. दुसरा चांगला प्रकार पिरॅमिडचा: ५०, १००, १५०, २००, १५०, १००, ५०, म्हणजे ८०० मीटर. २०० झाले की पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लहान, त्यामुळे उतरणीवर कोणी सहसा सोडत नाही.

आता भिंतीवरचं घड्याळ. इथे सगळ्यात जास्त फरक पडला, म्हणून जरा सविस्तर. आधी स्वतःचा वेग माहीत हवा. चांगल्या वॉर्म-अपनंतर ४०० मीटर पूर्ण जोराने, मग दम पूर्ण बसल्यावर २०० मीटर तसेच. दोन्ही वेळांच्या फरकाचं निम्मं म्हणजे दर १०० मीटरचा टिकाऊ वेग. ४०० ला ९:०० आणि २०० ला ४:२४ लागले तर फरक ४:३६, निम्मं २:१८. मुख्य सेटचे १०० साधारण याच वेगाने पोहायचे आणि विश्रांती १५ ते २० सेकंदांची. ‘प्रत्येक १०० नंतर २० सेकंद थांबू’ असं धरलं तर थकव्याबरोबर विश्रांती गुपचूप चाळीसवर जाते. म्हणून निघायची वेळ बांधायची: दर २:३५ ला एक. लवकर पोहोचलात तर विश्रांती जास्त, रेंगाळलात तर कमी.

२:३५ हा आकडा मुद्दाम घेतलाय. २:४० ठेवलं तर काटा ६०, ४०, २० आणि पुन्हा ६० वर येतो, मग आपण तिसऱ्यावर आहोत की सहाव्यावर ते कळत नाही. २:३५ ला निघायच्या जागा ६०, ३५, १०, ४५, २०, ५५ अशा पडतात आणि बारा फेकींपर्यंत (एक फेक म्हणजे सेटमधलं एक १००) एकही जागा पुन्हा येत नाही. काटा ४५ वर म्हणजे चौथा १००. वेगळं मोजायलाच नको.

हमखास होणारी चूक म्हणजे पहिला १०० उडवणं. पहिला २:०८, आठवा २:३१ असा सेट म्हणजे वेग सांभाळला गेला नाही. त्यामुळे वहीत सर्वोत्तम वेळ न लिहिता पहिल्या आणि शेवटच्या फेकीतला फरक लिहावा. तो २३ सेकंदांवरून सहावर आला की प्रगती डोळ्यांसमोर दिसते, अगदी त्या महिन्यात वेग तसूभर वाढला नसला तरी. हुरूप टिकवायला याहून चांगला आकडा मला सापडला नाही. ४००–२०० ची चाचणी मात्र सहा आठवड्यांतून एकदाच. दर आठवड्याला केली तर झोप, लेनमधली गर्दी यांनी आकडे वरखाली होतात आणि उगाच मन खट्टू होतं. ५० मीटरच्या पूलमधल्या वेळांशी तुलनाही नको. तिथे भिंतीवरून मिळणारे धक्के साधारण निम्मेच असतात, त्यामुळे वेळ वाढतेच.

बीपर कॅपच्या आत, कानाच्या वर बसवावा. नुसता गॉगलच्या पट्ट्यात खोचला तर पुश-ऑफला (भिंतीला पायाने ढकलून निघताना) सुटतो. हाताच्या लयीपेक्षा फेरीच्या वेळेला लावलेला जास्त कामाचा: १०० ला २:२० हवे तर ३५ सेकंदांचा बीप, आणि प्रत्येक बीपला भिंत गाठायची. लयीला लावायचा तर एका वेळी ०.०५ सेकंदानेच बदलावा. बीप फार जलद ठेवला की हात पाणी न पकडताच घसरतो आणि फेरीमागे दोन-तीन हात वाढतात. रोज लावला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो ऐकू येईनासा होतो. आठवड्यातून एकदा पुरे.

मनगटी घड्याळाबद्दल मत फारसं बरं नाही. ते हाताच्या हालचालीवरून आणि टर्नवरून फेऱ्या ओळखतं. किकबोर्डवर हात स्थिर असल्याने त्या फेऱ्या गळतात, गर्दीमुळे मध्येच थांबलात तर एखादी फुकटची वाढते. पूलची लांबी चुकून २५ यार्ड राहिली तर प्रत्येक फेरी २२.८६ मीटरची मोजली जाते. आणि दर भिंतीला मनगट वळवून बघण्यात टर्न बिघडतो तो वेगळाच.

पुल बॉयने वेळ सुधारली म्हणून खूश होऊ नये. पाय वर आल्याने ती सुधारली असेल तर एरवी ते बुडतायत, असा त्याचा अर्थ. पॅडल्स लहान मापाची, २००–३०० मीटरपुरती. खांदा टोचू लागला की त्याच क्षणी काढावीत.

नको वाटतं त्या दिवसांसाठी एक नियम टिकला: ३०० मीटर पोहायचे आणि मगच ठरवायचं. १०० सावकाश, १०० ड्रिल (तंत्राचा सराव), मग ४×२५ वेग वाढवत. पहिले २०० जवळजवळ रोजच वाईट जातात, श्वास बसलेला नसतो. त्यावरून दिवसाचा निकाल लावू नये. ३०० नंतरही हात जड असतील तर ६०० वर थांबून कागदावर तसं लिहावं. सलग तीनदा असं झालं तर झोप किंवा आजारपण तपासावं.

सोबत असेल तर पाच-दहा सेकंदांच्या अंतराने निघा आणि दर दोन फेकींना पुढचा बदला. पायांना चिकटून पोहणाऱ्याला पाणी हलकं लागतं, त्याचे आकडे खोटे येतात.

किकचा (नुसत्या पायांनी पोहण्याचा) कंटाळा मात्र यांतल्या कशानेच गेला नाही. घोटे ताठ असले की २५ मीटरला मिनिटभर लागतं आणि घड्याळ बघणं शिक्षा वाटते. चाललेला उपाय एवढाच: किकचे २०० मीटर शेवटी न ठेवता वॉर्म-अपच्या लगेच नंतर, तेही २५-२५ चे तुकडे करून. शेवटच्या ओळीत लिहिले की ते गळतात.