लिनक्सुलेटर, नऊ महिन्यांनंतर: एका दहाच्या आकड्यापायी

लिनक्सुलेटर म्हणजे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर लिनक्सचे प्रोग्राम चालवून देणारा तिचाच एक भाग. तो गेल्या चवथीपासून रोज वापरतोय. तो बसवायचा कसा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, त्यात शिरत नाही. लिहायला बसलो तो एका आकड्यापायी. त्या आकड्यानं माझा काजूचा अख्खा हंगाम खाल्ला.

आधी मशीनची जात सांगतो, म्हणजे माझ्या तक्रारींचं वजन कळेल. मेहुण्यानं भंगारात काढलेला कोअर टू ड्युओ, ४ जीबी मेमरी. फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं छोटं हिशोबाचं ऑफिस आहे. मार्च ते मे काजू बीच्या खरेदीदारांच्या वजन-पावत्या आमच्याकडे येतात. त्या सांभाळणारा प्रोग्राम एका कंपनीचा आहे, नाव घेत नाही, आणि तो फक्त लिनक्ससाठी मिळतो. सोर्स कोड मिळत नाही, म्हणजे फ्रीबीएसडीसाठी बांधून घेणंही नाही. शेजारचा दुरुस्तीवाला म्हणाला, "बाब, नवी मशीन घे मरे." नवी घ्यायची असती तर मेहुण्याकडे कशाला गेलो असतो? बीहाइव्हमध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरी मशीन चालवणाऱ्या फ्रीबीएसडीच्या सोयीत, वेगळा लिनक्स चालवावा म्हटलं, तर त्यासाठी प्रोसेसरात लागणारी ईपीटी नावाची सोय याच्यात नाही. राहिला लिनक्सुलेटर. फुकट.

पहिले सहा महिने मी त्याचं कौतुक करून लोकांना पिडलं. हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम, नव्हे. प्रोग्राम लिनक्सचा आहे हे ओळखून कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, त्याला लिनक्सच्या सिस्टम कॉलचं (प्रोग्रामनं कर्नलकडे करायच्या मागण्यांचं) टेबल लावून देतं, म्हणून जुन्या डब्यावरही ओझं जाणवत नाही. ६४ बिटांचे लिनक्स प्रोग्राम १०.३ पासून, म्हणजे २०१६ पासून चालतात. आणि कंट्रोल-टी! चालू प्रोग्रामवर ही कळ दाबली की लोड, प्रोसेस क्रमांक, कशाची वाट बघतोय, किती वेळ खाल्ला, सगळं एका ओळीत. ती ओळ टर्मिनल ड्रायव्हर स्वतः छापतो, त्यामुळे लिनक्सच्या प्रोग्रामवरही चालते. नुसत्या या कळीसाठी मी फ्रीबीएसडी सोडणार नाही.

मग मार्च उजाडला.

सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून मारलेली हाक; प्रत्येकाला एक नाव आणि एक आकडा असतो. या प्रोग्रामला रात्री यूएसआर१ सिग्नल दिला की तो मेमरीतल्या पावत्या डिस्कवर उतरवतो आणि नवी लॉग फाइल उघडतो. हंगाम नसताना हे काम मी आठवड्यातून एकदा हातानं करायचो. हंगामात रोज हवं, म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप करणाऱ्या प्रोग्रामात, टाकलं. कंपनीच्या पुस्तिकेतली ओळ जशीच्या तशी: किल -१० आणि पुढे प्रोसेस क्रमांक (किल ही सिग्नल पाठवायची कमांड). दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम मेलेला, मधल्या पावत्या गायब. परत हातानं तीच ओळ मारली, तर सगळं सुरळीत. रात्री क्रॉननं मारली, पुन्हा मेला. हातानं केलं की जगतो, क्रॉननं केलं की मरतो. असं पंधरा दिवस चाललं. एका खरेदीदाराच्या सोळा पावत्या कागदावरून पुन्हा चढवल्या, तेव्हा लिनक्सुलेटरला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कंपनीला ईमेल गेलं. मला सापडलेले आकडे तीन होते: क्रॉनच्या स्क्रिप्टनं पाठवला १०, प्रोग्रामच्या लॉगमध्ये मरताना लिहिलेला ७, आणि शेलनं (कमांडी चालवणाऱ्या प्रोग्रामनं) सांगितलेला शेवटचा स्टेटस १३८.

सपोर्टवाल्या मुलाचं उत्तर तासाभरात: "सर, १३८ म्हणजे १२८ अधिक १०. यूएसआर१ आला तेव्हा आमचा हँडलर बसलेला नव्हता. तुम्ही सिग्नल फार लवकर पाठवताय." हँडलर म्हणजे सिग्नल आला की काय करायचं ते ठरवणारा प्रोग्रामातला तुकडा; तो नसला तर यूएसआर१ नं प्रोग्राम मरतो. पण रात्री अकरा वाजता लवकर? प्रोग्राम सकाळी नऊपासून चालू होता! मी ७ चा अर्थ शोधला, तर फ्रीबीएसडीत तो निघाला ईएमटी, पीडीपी-११ या जुन्या कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटर ट्रॅप सूचनेचा वारसा. पीडीपी-११ चं भूत फोंड्यात काय करतंय?

फर्मागुडीला इंजिनियरिंगला असलेला भाचा जेवायला आला होता. म्हणाला, "मामा, तू केट्रेस लावून बघितलंस?" प्रोग्राम आणि कर्नल यांच्यात काय चालतं त्याची नोंद ठेवणारं हे साधन. नव्हतं बघितलं. लावला. केडंपमध्ये, म्हणजे ती नोंद वाचून दाखवणाऱ्या कमांडमध्ये, ओळ आली: सिगबस (बस एररचा सिग्नल), हँडलरनं पकडला, कोड एसआय-यूझर. इथे माझी ट्यूब पेटली. बस एरर खरोखर मेमरीच्या चुकीनं आली असती तर कोड दुसराच दिसला असता. एसआय-यूझर म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाठवलेला. पाठवणारा मीच.

लिनक्सच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर १० म्हणजे यूएसआर१. फ्रीबीएसडीत १० म्हणजे बस, आणि यूएसआर१ आहे ३०. क्रॉनमधला किल फ्रीबीएसडीचा, म्हणून त्यानं बस पाठवला. लिनक्सुलेटरनं इमानदारीत त्याचा लिनक्समधला बस केला, जो तिकडे ७ आहे. प्रोग्रामनं ७ लिहिला आणि स्वतःला तोच सिग्नल देऊन मेला. तो पुन्हा उलट फिरून फ्रीबीएसडीचा १० झाला, आणि शेलनं १२८ मिळवून १३८ सांगितले. कंपनीच्या मुलानं ते १३८ लिनक्सच्या कोष्टकात वाचले. लिनक्सवर बस एररनं मेलेल्याचे १३५ होतात. आणि हातानं करताना मी बसायचो लिनक्सच्या बॅश या शेलमध्ये. तिथून निघालेला १० लिनक्सच्या सिस्टम कॉलमधून जातो, त्याचा वाटेत ३० होतो आणि प्रोग्रामच्या हाती पुन्हा १० पडतो.

तेव्हा लिनक्सुलेटरची माफी मागतो. त्यानं एकही चूक केलेली नव्हती. उलट हे काम किती किचकट आहे ते नंतर वाचलं. नुसते आकडे बदलून भागत नाही. एसआय-यूझर लिनक्समध्ये ० आहे, फ्रीबीएसडीत सोळाच्या पायावरच्या आकड्यांत (हेक्साडेसिमलमध्ये) १०००१. सिस्टम कॉल पुन्हा सुरू करायचा एसए-रीस्टार्ट हा झेंडा इकडे २, तिकडे भलताच लांबलचक. सिग्नलांचा मास्क (अडवून ठेवायच्या सिग्नलांची यादी) लिनक्स कर्नलमध्ये ६४ बिटांचा, इकडे १२८ चा. हँडलर बोलावताना स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या मेमरीत) जी चौकट मांडायची तीही लिनक्सच्या घाटाची हवी, नाहीतर परतताना प्रोग्राम तोंडावर आपटणार. सगळ्यात मजा १९ ची: लिनक्समध्ये १९ नं प्रोसेस थांबते, फ्रीबीएसडीत १९ नं थांबलेली चालू होते. पॉझिक्स या युनिक्स जातीच्या सिस्टमांच्या मानकानं किल कमांडसाठी बांधून दिलेले आकडे मोजकेच आहेत: १, २, ३, ६, ९, १४, १५ (आणि ०, ज्यानं काहीच जात नाही). बाकी ज्याचा त्याचा संसार. खुद्द लिनक्सचंही एकमत नाही, मिप्स प्रोसेसरवर त्याचा यूएसआर१ १६ आहे. म्हणजे पुस्तिकेत आकडा छापणं हीच मूळ आगळीक.

स्क्रिप्टमध्ये आता किल -यूएसआर१ असं नाव लिहिलंय. दीड महिना झाला, एकदाही मेलेला नाही. मे अखेरीच्या गडगडाटात तीनदा वीज गेली तेव्हाही टर्म सिग्नलनं नीट बंद झाला. टर्म दोन्हीकडे १५, तिथे कटकट नाही.

तरी एक राग शिल्लक आहे. मेसेजेसच्या लॉगमध्ये फ्रीबीएसडीचं कर्नल लिहितं "सिग्नल १० नं बंद", आणि कंसात कोअर (मेलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची प्रत) पडल्याचं. नाव नाही! दोन कोष्टकं सांभाळणाऱ्या कर्नलला "बस" एवढी दोन अक्षरं छापायला काय होतं? ती असती तर पहिल्याच सकाळी उलगडा झाला असता. एवढ्याच्यासाठी पाचातला एक तारा कापतोय. भाचा म्हणतो, मामा, चूक तुझी आणि तारा त्यांचा. असू दे.

कंपनीला सगळं सविस्तर कळवलं, केडंपच्या ओळीसकट. उत्तर आलं, "आम्ही फक्त लिनक्सला सपोर्ट देतो." परवा वार्षिक देखभालीचं बिल आलं, सहा हजारांचं, सोबत नवी पुस्तिका. किल -१० तशीच आहे. बिल अजून भरलेलं नाही.