जुन्या पोको एफ१वर पोस्टमार्केटओएस: आठ महिने वापरल्यावर

साताऱ्यात शनिवार पेठेत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट आहे. जीसीसी-टीबीसी म्हणजे कॉम्प्युटर टायपिंगची सरकारी परीक्षा, तिच्या मराठी आणि इंग्रजी, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या बॅचेस, नऊ मशीन. जानेवारी २०२०मध्ये विंडोज ७चे अपडेट बंद झाले तेव्हा त्यातल्या पाच मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आणि ती मशीन आजही मुलांच्या सरावाला चालतात. फोनवर अँड्रॉइड काढून लिनक्स टाकायचा उद्योग मात्र पहिल्यांदाच केला.

फोन पोको एफ१. २०१८ साली बाजारात आला तेव्हा आमच्या ह्यांनी हौसेनं घेतलेला, ६ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, २०,९९९ रुपये. अँड्रॉइड १०पर्यंत अपडेट आले, मग थांबले. बॅटरी दुपारपर्यंत पुरेना म्हणून पोवई नाक्यावर दुरुस्तीला नेला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर खर्च करू नका, एक्स्चेंजला टाका, पाचशे येतील." मला ते फार लागलं. ह्या फोनला आठ कोअरचा स्नॅपड्रॅगन ८४५ आहे. माझ्या लॅबमधल्या एकाही मशीनला आठ कोअर नाहीत आणि ६ जीबी रॅमही नाही. मी बॅटरीच बदलून घेतली, साडेआठशे रुपयांत, आणि फोन घरी आणला.

पोस्टमार्केटओएस ही फोनसाठी केलेली लिनक्स सिस्टिम. हा प्रकल्प २०१७ साली ऑलिव्हर स्मिथ यांनी सुरू केला. फोन दहा वर्षं टिकला पाहिजे, हे त्यांचं सुरुवातीपासूनचं म्हणणं. पाया अल्पाइन लिनक्सचा आहे, म्हणजे सिस्टिम हलकी. अँड्रॉइडवर रंग फासलेला हा प्रकार नव्हे. कॉम्प्युटरवर असतं तसंच लिनक्स फोनवर चालतं. नवीन आवृत्ती साधारण जून आणि डिसेंबरला येते.

पहिली पायरी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करण्याची, म्हणजे दुसरी सिस्टिम टाकता येते, आणि सगळ्यात जास्त धीर तिथेच लागतो. फोनमध्ये सिम, मोबाइल डेटा चालू, सेटिंग्जच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये शाओमी कंपनीचं खातं जोडायचं, मग अनलॉकचं सॉफ्टवेअर चालवायचं. मला १६८ तास थांबा असं उत्तर आलं. पूर्ण सात दिवस. ते सॉफ्टवेअर विंडोजचं, म्हणून कराडहून भाच्याला त्याचा लॅपटॉप घेऊन बोलावलं. "मावशी, सगळं उडणार बरं का, फोटो काढून घेतले ना?" हे त्यानं तीनदा विचारलं, आणि विचारलं ते बरंच केलं. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. ह्यांच्या आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटो त्यातच होते. ते आधी दोन ठिकाणी उतरवून घेतले, मगच बटण दाबलं.

पुढचं काम लॅबमधल्या मिंटच्या मशीनवर केलं. फोनसाठी पोस्टमार्केटओएसची फाइल बनवून देणारं पीएमबूटस्ट्रॅप नावाचं साधन आहे. ते फोनची कंपनी, मॉडेलचं सांकेतिक नाव, युजरनेम, कोणता इंटरफेस हवा असं एकेक विचारत जातं. पोको एफ१चं सांकेतिक नाव बेरिलियम. इंटरफेस, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी मांडणी, मी फॉश नावाची घेतली. मग त्यानं पॅनेल, म्हणजे डिस्प्ले कोणता, ते विचारलं. ह्या एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले बसवलेले आहेत, तिआन्मा आणि ईबीबीजी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी तिआन्मा निवडलं.

आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकदम दाबून फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे केबलनं नवी सिस्टिम चढवता येते त्या अवस्थेत, नेला, फाइली चढवल्या, रीस्टार्ट केला. लोगो आला आणि स्क्रीन काळी झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काहीच नाही. भाचा गप्प. मला आधी तो पाचशेवाला मुलगा आठवला. मग आठवलं, हा फोन केबलनं जोडला की कॉम्प्युटरला नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा पत्ता ठरलेला असतो, १७२.१६.४२.१. त्या पत्त्यावर एसएसएच केलं, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये लॉगिन केलं. पासवर्ड मागितला. टाकला, आणि कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत मी दिलेलं फोनचं नाव आलं, पुढे कर्सर लुकलुकत होता. फोन जिवंत होता, फक्त त्याला स्वतःचा चेहरा दाखवता येत नव्हता! मी खुर्चीतून उठून भाच्याच्या पाठीवर थाप मारली. पुन्हा बनवून ईबीबीजीची फाइल चढवली, आणि फॉशची लॉक स्क्रीन उघडली.

आता चांगलं-वाईट.

रोजचा फोन म्हणून हा वापरू नका, हे मी कळकळीनं सांगते. जिओचं नेटवर्क ४जी-५जीचंच आहे, त्यावर साधा कॉलसुद्धा व्होल्टेनं, म्हणजे ४जीच्या डेटावरून, जातो, आणि ते माझ्या फोनवर चाललं नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर इंटरनेट मिळालं, एसएमएस आले, पण घरातल्या माणसांनी ज्या नंबरवर विसंबून राहायचं तो नंबर मी ह्यात घालणार नाही. कॅमेरा चालला नाही. बोटाचा ठसा नाही. यूपीआय तर विसराच. टचस्क्रीन, वायफाय, स्क्रीन फिरणं, ब्राउझर हे मात्र उत्तम. जुन्या अँड्रॉइडपेक्षा फोन कमी तापतो असा माझा अनुभव.

मग मी केलं काय? मी त्याला इन्स्टिट्यूटचा सर्व्हर केलं. मराठीचे साडेतीनशे उतारे, जुने सराव पेपर, बॅचची हजेरी, सगळं आता त्यावर आहे. एनजिन्क्स, म्हणजे दुसऱ्या मशीनला पानं पाठवणारा प्रोग्रॅम, टाकायला एक ओळ लागली. तरी मुलांच्या मशीनवर पान उघडेना. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. शेवटी कळलं की पोस्टमार्केटओएसमध्ये फायरवॉल मुळातच चालू असते आणि वायफायवरून आत येणाऱ्याला ती अडवते. माझं एसएसएच चालत होतं कारण तेवढ्याला तिथे वाट दिलेली असते. वेब पानं ज्या वाटेनं येतात त्या ८० नंबरच्या पोर्टला परवानगी देणारी एक ओळ घातली आणि पान उघडलं. ही सावधगिरी मला आवडली. फोन खिशात फिरणारी वस्तू आहे, दार लावलेलंच असावं.

दुसरी अडचण मराठीची. फोनवर माझे उतारे उघडले तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. देवनागरीचा फाँटच नव्हता. नोटो देवनागरीचं पॅकेज टाकलं आणि जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या'सुद्धा नीट दिसायला लागलं. 'साताऱ्या'तला 'ऱ्या' मी मुद्दाम तपासते, बऱ्याच ठिकाणी त्याचा 'र्या' झालेला असतो. उतारे लिहायला मी स्क्रीनवरच्या कीबोर्डला हात लावत नाही. मशीनवर इन्स्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्ड पद्धतीनं टाइप करते आणि फाइल फोनवर पाठवते.

सगळ्यात मोठा फायदा बॅटरीचा. जुलैमध्ये आमच्याकडे पाऊस लागला की वीज दिवसातून चार वेळा जाते. मशीनचे यूपीएस दहा मिनिटांत रडायला लागतात. ४००० एमएएचचा हा सर्व्हर स्क्रीन बंद ठेवून रात्रभर तसाच चालतो. राउटरला छोटा यूपीएस लावलाय, त्यामुळे अंधारातही मुली आपापल्या मोबाइलवर उतारा उघडून वाचत बसतात.

फोन चोवीस तास चार्जरला लावून मात्र ठेवू नका. बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं. मी चार्जर टायमरच्या सॉकेटला लावलाय, सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दीड तास. दर रविवारी झाकणाची कड बोटानं चाचपून बघते.

ज्यांना लिनक्सची थोडी सवय आहे, ज्यांच्या ड्रॉवरमध्ये असा फोन पडून आहे आणि त्याचं नाव पोस्टमार्केटओएसच्या यादीत चांगल्या चालणाऱ्यांत आहे, त्यांनी नक्की करावं. एकट्यानं पहिल्यांदा करणार असाल तर शेजारी कुणीतरी बसवा. खर्च बॅटरी धरून हजाराच्या आत.

भाच्याकडे वनप्लस ६ पडून आहे, त्यालाही हाच स्नॅपड्रॅगन ८४५. गणपतीत तो येताना घेऊन येणार आहे. त्यावर इंग्रजीचे उतारे ठेवायचे ठरलंय.