टीडीएस मीटर, कठीणपणाचं किट आणि बेसाल्टमधलं पाणी: आठ महिन्यांनंतर

खिशात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवणारा), थेंब मोजून कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, सांगणारं किट आणि नायट्रेटच्या पट्ट्या, अशी तीन साधनं आठ महिने वापरली. पाणी एकाच आवारातलं, पण दोन थरांतलं. एक उथळ विहीर, मुरमात खोदलेली. दुसरं बोअर, काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, फोडून बरंच खोल गेलेलं.

मीटर आधी घेतला, सगळे घेतात तसा. विहीर 330, बोअर 315 मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हटलं, पाणी एकच आहे. दोन महिने याच भ्रमात काढले. मग किट आलं. किटमधल्या रंगद्रव्याने विहिरीच्या पाण्याला आलेला लालसर रंग निळा व्हायला इतके थेंब लागले की मोजताना दोनदा चुकलो. कठीणपणा 290 मिलिग्रॅम प्रतिलिटर. बोअरचा फक्त 85!

मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि बेसाल्टमधली ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज ही खनिजं हळूहळू कुरतडतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सुटतात. म्हणून उथळ पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि किटलीत खार धरतो. हेच पाणी भेगांतून खोल उतरताना चिकणमाती आणि पोकळ्यांत बसलेली झिओलाइट नावाची खनिजं त्यातला कॅल्शियम धरून ठेवतात, बदल्यात सोडियम सोडतात. क्षारांची बेरीज जवळपास तेवढीच राहते, क्षार मात्र बदललेले असतात. मीटरला फक्त बेरीज कळते.

तीही धड नाही. मीटर मुळात विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका गुणकाने गुणतो. माझ्या मीटरमध्ये 0.5 आणि 0.7 असे दोन पर्याय आहेत, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं. विहिरीची वाहकता 660 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. म्हणजे एका गुणकाने 330, दुसऱ्याने 462. पाणी तेच. आता मी थेट वाहकताच लिहून ठेवतो. शिवाय बेसाल्टच्या पाण्यात विरघळलेली सिलिका बरीच असते. तिच्यावर विद्युतभार जवळपास नसल्यामुळे ती या मीटरला दिसतच नाही. काचेच्या ग्लासवर बसणारा, व्हिनेगरने न निघणारा धुरकट पापुद्रा तिचाच.

पट्ट्यांनी सगळ्यात उपयोगाची गोष्ट दाखवली. पावसाआधी विहिरीत 5, पहिल्या मोठ्या पावसानंतर 10 मिलिग्रॅम प्रतिलिटर. आकडा लहान वाटला, पण पट्टी नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजते. पूर्ण नायट्रेटचा आकडा हवा तर 4.43 ने गुणायचं, म्हणजे 44. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा 50 आहे. हा दोष कातळाचा नव्हे. नायट्रेट वरून येतं, खत, शेण किंवा शोषखड्ड्यातून. बोअरच्या पाण्यात पट्टीचा रंग जेमतेम बदलला.

तक्रारी: डबीचं झाकण एकदा सैल राहिलं आणि उरलेल्या पट्ट्या दमट होऊन वाया गेल्या. मीटर दर महिन्याला 1413 मायक्रोसीमेन्स वाहकतेच्या प्रमाणित द्रावणात तपासावा लागतो. न तपासता ठेवला तेव्हा 40 ने भरकटला होता. फ्लोराइड आणि जिवाणू यांपैकी कशानेच कळत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळाच.

एकच घ्यायचं झालं तर किट घ्या. मीटर मी अजून वापरतो, पण आता एकाच कामासाठी: विहिरीचा आकडा गेल्या आठवड्यापेक्षा अचानक हलला का, एवढंच बघायला. हलला की पट्टी काढतो.