साल सुटली म्हणून झाड तोडलं

डॉन रेडवूड या सूचिपर्णी वृक्षाची तीन झाडं मी वसंतात लावली, दीड पुरुष उंच. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची पानं तांबूस होऊन गळाली, खोडाची साल उभ्या चिरांनी फाटली आणि तिच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या लोंबू लागल्या. मी घाबरलो. कुणीतरी सुचवलं म्हणून एका स्वयंघोषित वृक्षतज्ज्ञाला बोलावलं.

त्याने एक पट्टी नखाने ओढली. खालचा केशरी रंग दाखवून म्हणाला, "बघा, आतून सडतंय." फांद्यांच्या खाली काखेसारखे खळगे होते. त्यावर बोट ठेवून म्हणाला, "खोड खचतंय. कॅन्कर आहे, साल कुजवणारा रोग. सूचिपर्णी झाड बोडकं झालं की संपलंच समजा." बरं, मी शहाणा कसा, तर या झाडाला १९४१ साली जपानच्या शिगेरू मिकींनी जीवाश्मांवरून नाव दिलं आणि मग चीनमध्ये ते जिवंत सापडलं, ही गोष्ट येईल त्याला ऐकवायचो. पण ते दर हिवाळ्यात पानं टाकतं, एवढं साधं मला ठाऊक नव्हतं!

एक झाड त्याने तोडलं. उरलेल्या दोघांच्या बुंध्याला गिरमिटाने भोकं पाडून 'औषध' भरलं, वरून काळा डांबरी लेप फासला. पैसे आगाऊ घेतले. कागदावर ना रोगाचं नाव, ना औषधाचं. नमुना प्रयोगशाळेत पाठवू का विचारलं तर म्हणाला, "तोवर बाकीचीही जातील." घाई त्याला होती, झाडाला नव्हती.

वसंतात दोन्ही झाडांना कोवळी हिरवी पालवी फुटली. मग वाचायला बसलो. साल पट्ट्यांनी सुटणं, बुंध्याला पन्हळी पडणं, फांदीखालचे खळगे, सगळी या जातीची ठेवण. खरा कॅन्कर असता तर एका जागी साल काळपट होऊन खोल बसली असती, बहुधा राळ गळली असती, वरची फांदी सुकली असती. कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडायची: खाली ओलसर हिरवं दिसलं तर ती जिवंत. हे मला तेव्हाच करता आलं असतं.

आता राळ गळतेय खरी, पण ती त्याच्या गिरमिटाच्या भोकांतून.

तोडलेल्या झाडाचे ओंडके त्याने 'संसर्ग पसरेल' म्हणत लगोलग गाडीत घातले होते. बुंधा मात्र जागेवर राहिला. माती झटकून पाहिला. काप कडेपासून मध्यापर्यंत स्वच्छ, कुठे एक काळा डाग नाही.