इंजिनाला रंग कोणता: बॉडीचा की कंपनीचा?
जुनी अमेरिकन गाडी नव्याने उभी करताना हा प्रश्न हमखास येतो. बॉडीचाच रंग इंजिनाला दिला की बॉनेट उघडताच सगळं एकसंध दिसतं. शो-कारला, म्हणजे प्रदर्शनात मांडायच्या गाडीला, ते शोभतं. कंपनीचा रंग मात्र गाडीचं कूळ सांगतो: साठच्या दशकातलं शेव्हरोलेचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) नारिंगी, फोर्डची इंजिनं १९६६ पासून निळी. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मूळपणावर गुण देणारे परीक्षक दुसरा रंग खपवून घेत नाहीत.

टिकण्यात फारसा फरक नाही. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य भाग, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला बॉडीपेंट तेवढं सोसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा तप्त धूर बाहेर नेणाऱ्या भागाला) मात्र तो लावूच नका, जळून जाईल. आणि पांढऱ्या गाडीला पांढरं इंजिन? तेलगळती लगेच दिसेल, पण पुसून पुसून हात दुखतील! मी तरी नारिंगीच ठेवीन.