दिवाळीत घेतलेले २०१९ चे ‘नवे’ टायर

नवा टायर घ्यायला गेलात तर तो रिमवर चढवायच्या आधी, दुकानात जमिनीवर आडवा पडलेला असतानाच दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. एकदा का चाक गाडीला लागलं, की आतली बाजू रॅम्पवर चढल्याशिवाय दिसत नाही. माझ्या बाबतीत सगळा खेळ त्या आतल्या बाजूवरच झाला.

२०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मुलगी नागपूरला, आम्ही नाशिकला, त्यामुळे समृद्धीवरून जाणं-येणं सुरू झालेलं. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता सिमेंटचा, आणि टायर गोटा झालेल्या गाड्या आरटीओवाले प्रवेशालाच परत पाठवतात अशा बातम्याही वाचल्या होत्या. आमचे टायर झिजून खाचांमधल्या खुणेला टेकले होते. (खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी असते. नक्षी तिच्या बरोबरीला आली की उरली फक्त १.६ मिलिमीटर, म्हणजे कायद्यानेही टायर संपला.) चारही बदलायचे ठरवलं.

दुकान मोठं, मशीन चकाचक, मालक तोंडाने गोड. माप १८५/६५ आर १५, नामांकित कंपनीचे टायर, चारवर घसघशीत सूट. “फ्रेश स्टॉक आहे काका, केस बघा,” म्हणत त्याने टायरवरचे रबराचे बारीक केस बोटाने वाकवून दाखवले. ते केस साच्यातून निघताना राहतात. त्यावरून टायर रस्त्यावर धावलेला नाही एवढंच कळतं. तो गोदामात किती वर्षं पडून होता, हे त्या केसांना काय ठाऊक!

चहा आला, मला केबिनमध्ये बसवलं, तोवर पोरांनी चारही टायर चढवून बॅलन्सिंगही उरकलं. वर नायट्रोजन भरल्याचे वेगळे पैसे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, पण तो वाद पुन्हा कधी.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, “पक्कं बिल हवं असेल तर वर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागेल, बघा.” तेव्हा दर २८ टक्केच होता (सप्टेंबर २०२५ पासून १८ आहे), पण छापील किमतीत तो धरलेलाच असतो. ‘वर’ काही लागत नाही. हातात आली एक कच्ची चिठ्ठी: ‘टायर, नग ४’ आणि खाली रक्कम. कंपनी नाही, नंबर नाही, दुकानाचा शिक्काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली म्हणून दुसऱ्या ठिकाणी अलाइनमेंटला नेली. गाडी वर गेल्यावर तिथल्या पोराने फडक्याने टायरची आतली बाजू पुसली आणि विचारलं, “काका, हे टायर कधी घेतलेत?”

“दिवाळीत.”

“मग हे बघा.”

टायरच्या अंगावर डीओटी ही अक्षरं असतात आणि पुढे एक लांबलचक नंबर. त्याचे शेवटचे चार आकडे एका लंबगोल चौकटीत असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. माझ्या दोन टायरवर होतं ३११९, म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. तिसऱ्यावर ०८२०. चौथ्यावर आकड्यांच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखा खरवडलेला पट्टा, वर काळं पॉलिश. पोराने अंगठ्याने कड दाबून वाकवली तर बारीक भेगांची जाळी उघडी झाली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे चार आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. ज्या टायरवर आतली-बाहेरची बाजू ठरवून दिलेली असते, तो तर फिरवून लावताच येत नाही. त्यामुळे आकडे आत गेले म्हणजे दुकानदार चोरच, असं नाही. पण साध्या नक्षीच्या चारही टायरची तारीख आत, आणि एकाची खरवडलेली, हा योगायोग मी मानत नाही.

वर्षभर सावलीत नीट ठेवलेल्या टायरबद्दल माझी तक्रार नसते. पण रबर वापरलं नाही तरी हवेने, उष्णतेने कडक होत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी बनावटीपासून दहा वर्षांनी काढून टाका, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात. माझे दोन टायर तर लावले तेव्हाच पाच वर्षं ओलांडलेले. नक्षी पूर्ण, त्यामुळे खोली मोजणाऱ्या कुठल्याही तपासणीत ते पास झाले असते. मे महिन्याच्या दुपारी, भरल्या गाडीत, नातवंडांसह मी त्यांवर १२० ने गेलो असतो.

पहिल्या दुकानात गेलो. ‘काका’चं लगेच ‘अहो मिस्टर’ झालं. “हे आमच्याकडचेच कशावरून?” यूपीआयची नोंद दाखवली तर पैसे दुकानाच्या नाही, भलत्याच माणसाच्या खात्यात गेलेले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव ना टायरचा नंबर, त्यामुळे ती पुढे सरकेना. शेवटी मालकाने उदार होऊन चारही टायर ‘सेकंडहँड भावात’ परत घ्यायची तयारी दाखवली. म्हणजे तेच पुन्हा पॉलिश होऊन कुणाच्या तरी गाडीला! नाही दिले. अलाइनमेंटवाल्याकडे नवे बसवले, आणि जुन्या चारही टायरच्या कडा त्याच्याकडूनच कापून घेतल्या.

नवे घेताना टायर आडवे टाकून चार आकड्यांचे फोटो काढले, आयएसआयची खूण पाहिली, पक्क्या बिलावर चारही टायरचे पूर्ण नंबर लिहून घेतले. एक टायर बाकीच्यांपेक्षा बराच जुना निघाला. बदलून मागितला, त्याने काही न बोलता बदलून दिला.